इन्सुलिनची बाटली जोरात हलवू नका, उन्हात ठेवू नका असं का सांगतात?

कारण इन्सुलिन हे प्रथिन आहे आणि त्याचा सगळा गुण त्याच्या घडीत, म्हणजे रेणू ज्या आकारात दुमडलेला असतो त्यात असतो. ५१ अमिनो आम्लं, दोन साखळ्या. बाटलीत सहा-सहा रेणू जस्ताभोवती गोळा होऊन बसतात, तोवर ठीक. उष्णता लागली किंवा बाटली घुसळली गेली की काही रेणू सुटे होतात, त्यांची घडी उसवते. हवा आणि द्रव भेटतात तिथे तर जास्तच. मग उसवलेले रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात. अल्झायमरमध्ये मेंदूत साठतात ते तंतूही साधारण याच जातीचे, प्रथिन मात्र वेगळं. असं इन्सुलिन किल्लीसारखं पेशीच्या कुलपात बसत नाही, साखर उतरत नाही.

आमच्या बाबांचं इन्सुलिनचं पेन मे महिन्यात ठाणे लोकलच्या रॅकवर, बॅगेत, जेवणाच्या डब्याला टेकून असायचं! आता आत कापडात गुंडाळलेली गार पिशवी असते. थेट बर्फ नको, गोठलेलं इन्सुलिनही वायाच जातं.

पाण्यासारख्या इन्सुलिनमध्ये धागे किंवा गढूळपणा दिसला तर टाकून द्या. मुळातच दुधाळ असलेला प्रकार वेगळा. तो तळहातांत हळूच फिरवून एकसारखा करायचा.