ताई की बाई?

प्रिय मुली,

धाकट्या भावंडांची घरीच शाळा घेतेस, त्याबद्दलचं तुझं पत्र वाचून हसू आवरेना. "आता पालकांनाच बोलावते" असा तू दम भरलास आणि धाकट्यानं शांतपणे सांगितलं, "बोलाव ना, स्वयंपाकघरात आहेत." घरच्या शाळेत धाकदपटशा असाच फुसका निघतो. ते मनावर घेऊ नकोस.

त्यांच्या चुकीच्या उत्तरांवर हसण्यात तास हातचा जातो, तेव्हा हसावं की दटावावं, असं तू विचारलंस. माझं मत विचारशील तर हसावं, पण उत्तर ऐकल्या ऐकल्या नाही. आधी "हे कसं काढलंस?" एवढं विचारायचं आणि त्याचं सांगून होईपर्यंत ओठ मिटून बसायचं. चुकीच्या उत्तरामागे पुष्कळदा सरळ, स्वच्छ विचार असतो आणि उत्तरापेक्षा तोच जास्त मजेदार निघतो.

वजाबाकीचंच घे. "तुझ्याकडे 8 खडू, त्यातले 3 मी घेतले, उरले किती?" धाकटा म्हणाला आठच, कारण मी घेऊच देणार नाही. त्याला वजाबाकी समजत नाही, असं तू लिहितेस. मला वाटतं, त्याला तू नीट समजली आहेस! त्याच्या वस्तू खरोखर पळवणारी ताई उदाहरणात पुन्हा खडू न्यायला आली, तर तो बिचारा मोजेल की राखण करेल? तीन खडू हरवले म्हण, नाहीतर त्यानंच मित्राला दिले म्हण आणि मग काय उत्तर येतं ते बघ.

मधलीनं पंचेचाळीस ऐकून 54 लिहिलं, यात तर हसण्यासारखंही काही नाही. आपण पाच आधी उच्चारतो, चाळीस नंतर; तिनं ऐकलं त्या क्रमानं लिहिलं. एकोणतीस म्हणताना कानावर तीस पडतं आणि लिहायचे असतात 29. धाकटा 3 उलटा काढतो, त्याचीही धास्ती नको. पाच-सहा वर्षांच्या पुष्कळ मुलांचं असं होतं. वस्तू उजवीकडून पाहिली काय, डावीकडून पाहिली काय, तीच असते, हे डोळ्यांना पक्कं ठाऊक असतं. आकड्यांना आणि अक्षरांना हा नियम लागू नाही, हे नव्यानं शिकावं लागतं.

एक सवय मात्र सोड. बरोबर उत्तरावरही तू "नक्की?" विचारतेस आणि तो लगेच उत्तर बदलतो. पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. सारख्याच संख्येच्या सोंगट्यांच्या दोन ओळी मांडायच्या, मग एक ओळ पसरून लांब करायची आणि पुन्हा विचारायचं, "आता?" लहान मुलं लांब ओळीत जास्त सोंगट्या आहेत म्हणतात. 1970च्या दशकात मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या संशोधकांनी त्यात एक खोडकर टेडी आणला. ओळ विस्कटली ती या टेडीनं. तेव्हा बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांची संख्या बरीच वाढली. मोठ्या माणसानं मुद्दाम काही हलवून पुन्हा तोच प्रश्न विचारला, म्हणजे त्याला वेगळं उत्तर हवं असणार, असं मुलांना वाटत असावं, हा त्याचा एक अर्थ. तेव्हा चुका करायला एखादं कापडी अस्वल वर्गात भरती कर. त्याला सुधारताना धाकट्याचा आवाज कसा मास्तरी होतो, ऐकच.

आणखी एक गंमत करून बघ. "जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत. कप्तानाचं वय किती?" फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथं प्राथमिक शाळेतल्या मुलांना हा प्रश्न दिला होता आणि बहुतेकांनी आकडे जुळवून कप्तानाला वय देऊनही टाकलं. या जातीचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी फ्लोबेर या कादंबरीकारानं आपल्या धाकट्या बहिणीला, कॅरोलिनला, पत्रातून चिडवण्यासाठी घातला होता. म्हणजे हा खास थोरल्या भावंडांचाच वारसा! तुझ्या वर्गात कुणी 36 म्हणालं तर ओरडू नकोस, "मेंढ्यांवरून वय कसं कळलं?" एवढंच विचार. "हे कसं कळणार?" असं कुणी म्हणालं, तर त्या दिवशी शाळा लवकर सोड. मग त्यांनाच तुझ्यासाठी असला एक अशक्य प्रश्न बनवायला सांग.

वेळापत्रकाचं फार मनाला लावून घेऊ नकोस. तास छोटे ठेव, बाकी घर बघून ठरव.

हे किस्से पाहुण्यांसमोर, त्याच मुलाला शेजारी उभं करून सांगू नकोस, याबाबत मात्र मी हट्टी आहे. चार मोठी माणसं आपल्या उत्तरावर खो खो हसतात, हे कळलं की एखादं मूल विदूषक होतं, एखादं गप्प होतं. दोघंही "मी असं काढलं" हे सांगायचं सोडतात. त्यापेक्षा एका वहीत तारीख घालून उत्तर आणि त्याचं स्पष्टीकरण त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव. सांगावंसं वाटलंच तर आधी त्यांना विचार.

आणि तो भर तासात विचारतो ना, "आत्ता तू ताई आहेस की बाई?" त्याला बहुधा बाईंची तक्रार ताईकडे करायची असते. पेन खाली ठेव, तक्रार पूर्ण ऐक आणि बाईंना समज देण्याचं कबूल कर. मग दुसऱ्या दिवशी बाईंनी थोडं सुधारलेलं दिसू दे.

तुझी,
मावशी

ता. क. कप्तान किती वर्षांचा निघाला, ते कळव.