आडव्या तेलविहिरीत स्केल इनहिबिटर (क्षारांचा थर बसू न देणारं रसायन) वरूनच पंप केला तर पुरतो का, की कॉइल्ड ट्यूबिंग (रिळावरून विहिरीत आत सोडायची लांब पोलादी नळी) घालावीच लागते?

‘पुरतो’ म्हणणारी माणसं बहुतेक वेळा खर्चकपातीच्या बैठकीत भेटतात. मी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला प्रोडक्शन केमिस्ट होतो. याच प्रश्नावरून तिथल्या एका वेल मॅनेजरशी माझं वाजलं होतं, ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

विहीर उत्तर समुद्रातली, वालुकाश्मातली, आडवा भाग किलोमीटरच्या वर. दाब टिकवायला समुद्राचं पाणी आत सोडत होते. त्यात लिटरला सुमारे २,७०० मिलिग्रॅम सल्फेट, आणि खडकातल्या मूळ पाण्यात बेरियम. दोन्ही विहिरीपाशी भेटली की बेरियम सल्फेटचा थर, म्हणजेच स्केल. हे ॲसिडला दाद देत नाही, त्यामुळे ‘साचल्यावर बघू’ म्हणून भागत नाही.

मॅनेजर साहेबांचा उपाय एकच: डोस वाढवा, वरून खडकात ढकला, रात्रभर विहीर बंद ठेवा. पुरावा म्हणून वेलहेडच्या, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी घेतलेल्या, नमुन्याचा रिपोर्ट पुढे करायचे. फॉस्फोनेट (आमचा इनहिबिटर) किमान पातळीच्या वर आहे, मग तक्रार कसली? अहो, तो नमुना सगळ्या झोनच्या (आडव्या भागातल्या वेगवेगळ्या पट्ट्यांच्या) एकत्र पाण्याचा! हीलजवळून (आडवा भाग सुरू होतो तिथून) भरपूर रसायन परत येत असेल तर टोकडे (पार शेवटच्या टोकाकडे) शून्य असलं तरी आकडा छानच दिसणार. आणि विहिरीत प्रवाह टोकडून हीलकडे येतो. हीलचं रसायन उलटं जाऊन टोला वाचवत नाही.

त्यात आमच्या विहिरीत समुद्राचं पाणी पोचलेल्या झोनचा दाब चढलेला होता. म्हणजे इनहिबिटरची गरज जिथे सगळ्यात जास्त, तिथेच तो शिरायला तयार नाही. जाणार दाब उतरलेल्या कोरड्या झोनमध्ये. धरण भरलंय म्हणून आकडे दाखवायचे आणि टेलच्या शेतकऱ्याच्या पाटात थेंब नाही, तशातली गत. वर विहीर रात्रभर बंद, म्हणजे चढ्या दाबाच्या झोनचं पाणी आतल्या आत दुसऱ्या झोनमध्ये वाहणार आणि जे थोडं रसायन शिरलं होतं तेही घेऊन जाणार. हे मी बैठकीत फळ्यावर काढून दाखवलं होतं. ‘थिअरी आहे,’ म्हणाले.

पुढे लॉगिंगसाठी (विहिरीच्या आत उपकरणाने मोजमाप घ्यायला) कॉइल घातली ती आडव्या भागाच्या मध्यातच अडली. वर आलेल्या टूलवर पांढरा थर. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये फसफसला नाही, आणि रेडिएशन मीटर मात्र वाजायला लागला, कारण बेरियमसोबत रेडियमही बसतं. त्यावर साहेब म्हणाले, ‘लोकल इश्यू आहे.’ स्केल मिलिंग करून काढलं आणि पुढचं स्क्वीझ (रसायन खडकात दाबून भरणं) कॉइलनेच, टोपासून मागे येत केलं. मिनिट्समध्ये ती कल्पना कोणाच्या नावावर लागली ते विचारू नका.

तेव्हा आधी प्रोडक्शन लॉग मागा. पाणी कुठून येतं आणि कुठल्या झोनचा दाब किती, हे कळेपर्यंत डोसवर चर्चासुद्धा करू नका. रसायनाच्या नुसत्या पीपीएमच्या रिपोर्टवर सही नको, पाण्यातलं बेरियम घटतंय का, म्हणजे ते आत साचतंय का, तेही बघा.

हां, आडवा भाग छोटा असेल आणि दाब सगळीकडे सारखा असेल तर वरून ढकललेलंही चालतं. लांब विहिरीत कॉइल वाटेतच लॉक होऊन टोपर्यंत पोचत नाही, असंही होतं. सबसी विहिरीवर (तोंड समुद्रतळावर असलेल्या) तर कॉइलसाठी रिग किंवा जहाजच आणावं लागतं. तिथे रसायन घट्ट करून, डायव्हर्टर (रसायन दुसऱ्या झोनकडे वळवणारा पदार्थ) वापरून पाठवतात. आणि हे सगळं वालुकाश्माचं झालं. मुंबई हायच्या चुनखडीत कॅल्शियममुळे फॉस्फोनेट वेगळं वागतं, तिथे माझे हिशेब लावू नका.