गवे गावात दिसतात म्हणजे जंगलात गवे वाढले का?

तुमचा प्रश्न असा आहे: "कोल्हापूरकडे हल्ली गवे, मोर पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. मग जंगल बदललं, हवामान बदललं म्हणून वन्यजीव घटले असं का म्हणतात? उलट वाढलेच आहेत की!"

प्रश्न रास्त आहे. आमच्या घरी हाच प्रश्न दर उन्हाळ्यात उसाच्या बांधावर उभं राहून विचारला जातो. माझं गाव राधानगरी तालुक्यात, अभयारण्याच्या पायथ्याला. मी शेती करतो आणि वनविभागाच्या प्राणीगणनेला स्वयंसेवक म्हणून जातो. त्यामुळे इथे जे लिहितोय ते थोडं वाचलेलं आणि बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आधी गणनेचाच एक अनुभव सांगतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून येणारं-जाणारं जनावर टिपायचं, अशी ती पद्धत. एका वर्षी गणनेच्या दोन दिवस आधी वळीव झोडपून गेला. आम्ही दुपारपासून मचाणावर. चांदणं लख्ख, समोर पाणवठा काठोकाठ. रात्रभरात एक सांबर आलं, दोन रानडुकरं आली आणि पहाटे चार गवे पाण्याला तोंडही न लावता कडेकडेने निघून गेले. आदल्या वर्षी त्याच जागी कागद पाठपोट भरला होता. वर्षात जनावरं कुठे गेली नव्हती. वळवाने खड्ड्याखड्ड्यात पाणी साचलं होतं, मग मुद्दाम एका पाणवठ्यावर कोण येईल? पण कागदावरचा आकडा घटला तो घटलाच.

गावात दिसणाऱ्या गव्याचं नेमकं याच्या उलट आहे. जंगलात हजार ठिकाणी विखुरलेलं जनावर रोज एकाच शिवारात उतरायला लागलं की ते वाढल्यासारखं वाटतं. काही भागांत गवे खरोखर वाढलेही असतील, ते मी नाकारत नाही. पण तो उसात दिसला एवढ्यावरून ते ठरत नाही. तो तिथे का आला, हे बघावं लागतं.

राधानगरीचं रान संस्थानकाळी शिकारीसाठी राखीव होतं. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि आज त्याचं क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे. एवढं रान पुरत नाही का, असं लोक विचारतात. पण गव्याला रान म्हणजे नुसती झाडी नको असते. पूर्ण वाढलेला नर टनाच्या घरात जातो. त्याला गवत लागतं, बांबूचा आणि कारवीचा कोवळा पाला लागतो, रोज पाणी लागतं, चाटायला खारी माती लागते. गवत असायचं ते दऱ्यांच्या सपाट तळांना, डोंगरमाथ्यावरच्या सड्यांवर आणि झाडीतल्या मोकळ्या पट्ट्यांत. त्यातल्या दऱ्यांचे तळ धरणांच्या फुगवट्याखाली गेले, राधानगरीच्या आणि नंतर काळम्मावाडीच्याही. मी धरणाविरुद्ध बोलत नाही, माझा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे. पण वरच्या खोऱ्यातलं गवत पाण्याखाली गेलं आणि त्याच पाण्याने खालचं खोरं बारमाही हिरवं केलं, हे दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय गवा कळत नाही.

उरलेल्या मोकळ्या पट्ट्यांवर रानमोडी चढली. ही झुडपं मूळची अमेरिका खंडातली. गुरं तिला तोंड लावत नाहीत, गवेही लावत नाहीत. एकदा तिचं रान माजलं की खाली गवताची काडी उगवत नाही. लांबून सगळं हिरवंगार दिसतं, 'जंगल वाढलं' असंही वाटतं. प्रत्यक्षात चरणाऱ्या जनावराला त्या हिरवाईत खायला काही नसतं. सड्यांचीही तीच कथा. सडा म्हणजे वरवर उजाड कातळ, म्हणून सरकारी कागदांत त्याला फार काळ 'पडीक' म्हटलं गेलं. दुर्गमानवाड, चंदगड भागात त्याच कातळाखालून बॉक्साईट निघालं. खाणीसाठी वरचा थर निघाला की पावसाळ्यात तिथे उगवणारं गवत, फुलं, डबकी, सगळं जातं.

आता एप्रिल महिना डोळ्यांसमोर आणा. वर सडा पिवळा पडलाय, झरे आटलेत, मोकळ्या जागी रानमोडी वाळून खडखडतेय. खाली पाटाच्या पाण्यावर लुसलुशीत ऊस. वर्तमानपत्रात 'वाट चुकलेला गवा' असं छापून येतं, ते मला पटत नाही. तो वाट बरोबर धरून येतो. गेल्या उन्हाळ्यात चुलत्यांच्या फडात सकाळी गेलो तर आठ-दहा सऱ्या आडव्या झालेल्या, वाढे खुडून खाल्लेले आणि चिखलात ओंजळभर पाणी मावेल एवढे खूर उमटलेले. त्यातल्या एका खुरात पाटाचं पाणी साचून बेडूकसुद्धा बसला होता. पंचनामा होईपर्यंत चुलते बांधावर बसून होते. म्हणाले, "जनावराचं काय चुकलं रं? आपुन हितं वाढून ठिवलंय, त्ये जेवाय येतंय." त्या वर्षी त्यांचं नुकसान मोठं झालं, तरी ते हे बोलले, म्हणून लक्षात राहिलं.

याची किंमत माणूस आणि गवा दोघेही मोजतात. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला. पाठलाग, गर्दी, आरडाओरडा यात दमून तो मेला. पुढच्या वर्षी डिसेंबरात कोल्हापूर शहराजवळ पंचगंगेकाठी गवे आले, तेव्हा इथेही बघ्यांची तशीच गर्दी होती.

मोराचं उत्तर थोडक्यात. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० साली जो अहवाल निघाला, त्यात मोर वाढल्याचं स्पष्ट दिसतं. म्हणजे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण त्याच अहवालात माळरानावरच्या पक्ष्यांची घसरण आहे. मोर शेतात, बागेत, वस्तीच्या कडेला कुठेही निभावून नेतो. उघड्या माळावर जमिनीवरच अंडी घालणाऱ्या धाविक पक्ष्याला माळच लागतो, आणि आपल्याकडे माळ म्हणजे प्लॉट पाडायची जागा. जे प्राणी आपल्यासोबत जगू शकतात तेच आपल्याला दिसतात. ज्यांना एकाच तऱ्हेची जागा लागते ते कमी होतात तेव्हा कुणाच्या दारात येत नाहीत, त्यामुळे त्यांची बातमी होत नाही.

हवामानाचा फटका याच दुसऱ्या गटाला जास्त बसतो. आजऱ्याहून थोडं पुढे, आंबोलीच्या कातळावर एक छोटा भेक आहे, आंबोली टोड. २००९ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि आज तो अतिसंकटग्रस्त आहे. पावसाच्या सुरुवातीला कातळावर जी उथळ डबकी साचतात, त्यांत तो अंडी घालतो. सगळा खेळ त्या थोड्या दिवसांचा. पहिला पाऊस पडून पंधरा दिवस उघडीप झाली तर डबकं आटून पिल्लं वाळतात. एकदम ढगफुटीसारखा कोसळला तर वाहून जातात. आणि पाऊस नेमका तसाच व्हायला लागलाय. मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचं संशोधन आहे. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला होता.

मगरीचंही असंच. कृष्णा-पंचगंगेच्या काठाला मादी उन्हाळ्याच्या तोंडाला मातीत अंडी पुरते, पिल्लं पावसाळ्याच्या आसपास बाहेर पडतात. मेमध्येच नदी चढली तर घरटी बुडतात. शिवाय मगरीत नर की मादी हे अंड्याभोवतीच्या मातीच्या उष्णतेवर ठरतं. साधारण ३२.५ अंशांच्या आसपास नर जास्त, त्याहून गार मातीत माद्या. काठावर दाट झाडी असेल तर मादीला सावलीतली किंवा उन्हातली, हवी तशी जागा निवडता येते. वाळूउपसा आणि वीटभट्ट्यांनी काठच खरवडला असेल, तर जी मिळेल ती जागा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आपली धोक्याची पातळी ४३ फूट. त्या पाण्यात माणसांची काय दशा झाली ते आपण सगळ्यांनी भोगलंय. काठावरच्या बिळांचं आणि घरट्यांचं काय झालं, हे मोजायला कुणी गेलं नाही.

म्हणून 'जंगल बदललं म्हणून की हवामान बदललं म्हणून' असं वेगळं करून विचारलं तर उत्तर सापडत नाही. दुष्काळ, अतिवृष्टी पूर्वीही होती. तेव्हा जनावर सरकून दुसरीकडे जायचं. आता सरकायला जागा तुटक आहे. उष्णता वाढली की प्राणी-वनस्पती डोंगरात वर सरकतात म्हणतात, पण आपला सह्याद्री हजार मीटरच्या आसपास संपतो. त्याच्या वर जाणार कुठे? मग उरते आडवी वाट: कोयना, चांदोली, विशाळगड, राधानगरी, तिलारी आणि पुढे गोवा-कर्नाटक. ती मध्ये आंबा, करूळ, फोंडा अशा घाटरस्त्यांनी कापली जाते. विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं झाली ती याच वाटेवर, आणि ती माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सगळ्यात कामाची गोष्ट आहे.

सौर कुंपणाबद्दलही तुम्ही पुढे विचाराल. कुंपणाने माझं शेत वाचतं, गवा शेजारच्या गावात जातो. मला जास्त भरवसा रानमोडी उपटण्यावर आहे, तीही हिवाळ्यात फुलं येण्याआधी, मुळासकट. फुलल्यावर उपटली तर बी वाऱ्यावर सगळीकडे जातं. आम्ही काही जणांनी वनविभागाच्या लोकांबरोबर एक पट्टा असा साफ केला. पहिल्या पावसाळ्यात गवत विरळच आलं. दुसऱ्या वर्षी गुडघ्यापर्यंत होतं, आणि गणेशोत्सवाच्या सुमारास तिथे गेलो तेव्हा पट्ट्याच्या मधोमध गव्याचं ताजं शेण पडलेलं होतं, वाफाळतं.