कॅराव्हॅनच्या सांगाड्याचा माल-ट्रेलर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: शूटिंगला भाड्याने जाणारी, ओढायची जुनी कॅराव्हॅन भंगारात मिळाली. वरचा डबा काढला, सांगाडा आणि चाकं राहिली. त्यावर फाळके नसलेली सपाट पाटी करून ट्रॅक्टरमागे गुळाचे रवे, पाइप, पॉवर टिलर न्यायचा विचार आहे. सांगाड्याचा पत्रा पातळ वाटतो. एक्सलला पाटे नाहीत, नुसती षटकोनी नळी आहे. वेल्डर म्हणतो, खाली पाटे वेल्ड करू, वर पाच मिमीची चेकर्ड प्लेट मारू, तीन टन आरामात उचलेल. करू का?
– एक वाचक, कागल तालुका

उत्तर: नका करू. त्या षटकोनी नळीच्या आत रबराचे दांडे दाबून बसवलेले असतात, तेच तिचे स्प्रिंग. नळीला वेल्डिंगचा चटका बसला की रबर जळतं आणि चाक एका बाजूला बसतं. सांगाड्याचंही तसंच. कॅराव्हॅनमध्ये वरचा डबाही बराच ताण घेतो, म्हणून खालचा पत्रा दोन-अडीच मिमीचा, दुमडलेला आणि बहुधा गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) असतो. डबा गेल्यावर हा सांगाडा पिळवटतो. त्याला थेट वेल्ड केलं तर जस्त जळतं (तो धूर छातीत घेऊ नका, ताप भरतो) आणि वेल्डच्या टाक्याशेजारी पत्रा चिरतो. पहिली चीर बहुतेक पुढचा त्रिकोणी दांडा सांगाड्याला मिळतो तिथेच दिसते.

म्हणून जुन्या सांगाड्यावर नवी शिडी (शिडीसारखी लोखंडी चौकट) बनवा आणि ती बोल्टनं बसवा. पाटी ३.६ बाय १.८ मीटर धरू. लांबीत ७५ मिमीचे दोन चॅनेल, साधारण ५१ किलो. त्यांवर ४०० मिमी अंतराने ५० बाय ५० बाय ३ मिमीच्या दहा आडव्या चौकोनी नळ्या, ७७ किलो. कडेनं ५० बाय ५० बाय ५ चा अँगल, ४१ किलो. ही शिडी जमिनीवरच वेल्ड करा. आधी सगळीकडे नुसते टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा, दोन्ही कर्ण मोजा, पाच मिमीपेक्षा जास्त फरक नको. मग समोरासमोरचे सांधे आलटून पालटून भरा. एकाच बाजूनं सलग भरत गेलात तर शिडी केळीसारखी वाकते.

सांगाड्याला जोडताना डबा बसवलेली जुनी भोकं वापरा. नवीन पाडायची तर उभ्या पट्टीच्या मधोमध पाडा, वरच्या-खालच्या दुमडीत कधीच नाही. १२ मिमीचे ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट, दर ६०० मिमीला एक. नटाखाली पाच मिमीची पट्टी द्या, नाहीतर पातळ पत्रा आत दबतो आणि बोल्ट महिनाभरात सैल पडतो.

आता वजन. एक्सलवरच्या पट्टीवर कमाल वजन कोरलेलं असतं. समजा ते १३०० किलो आहे आणि सांगाडा चाकांसह काट्यावर २६० भरला. वर शिडी १६९, प्लायवूड ८०, दिवे-मडगार्ड-बोल्ट ४०. झाले साडेपाचशे. उरले ७५०, म्हणजे तीस किलोचे पंचवीस रवे. तीन टन हा वेल्डरचा आकडा उसाच्या ट्रॉलीचा आहे, तुमच्या एक्सलचा नाही. पट्टी पुसली गेली असेल तर हा एक्सल मालासाठी वापरूच नका.

टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदला. नवा घेताना लोड इंडेक्स ९३ (एका टायरला ६५० किलो) च्या खाली नको. ९८ (७५० किलो) मिळाला तर तोच घ्या.

प्रश्न: पुढची कपलिंग कापून ट्रॅक्टरच्या पिनेसाठी कडी वेल्ड केली तर?
– हातकणंगले

उत्तर: ब्रेक जातील. ट्रॅक्टर थांबला की ट्रेलर पुढे रेटतो, कपलिंगचा दांडा आत सरकतो आणि केबल ओढून ड्रमचे ब्रेक लावतो. दांडा ठेवा. ओढणाऱ्या गाडीच्या बॉलवर (लोखंडी गोळ्यावर) बसणारी टोपी त्यावर सहसा दोन बोल्टनं असते, तेवढीच काढून तिथं बोल्टची कडी बसवता येते. फक्त डांबरी रस्त्यावरच जायचं असेल तर सोपा मार्ग म्हणजे ट्रॅक्टरच्या ड्रॉबारवर ५० मिमीचा बॉल. बांधावर-सरीत न्यायचं असेल तर मात्र बॉल नको, चढउतारात तो टोपीत अडकतो. दोन्हीत साखळी हवीच.

भरताना पुढच्या टोकावर एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के भार येऊ द्या. १३०० किलोला ९० ते १३० होतात. कपलिंगवर कमी मर्यादा लिहिली असेल तर तीच पाळा. तपासायला पोत्याचा वजनकाटा पुरतो, टोक त्यावर टेकवा. भार मागे गेला की ट्रेलर शेपटी हलवतो, आणि ते कमी वेगातही सुरू होतं.

प्रश्न: प्लायवूड आमच्या पावसात टिकेल? चेकर्ड प्लेटच बरी ना?
– राधानगरी

उत्तर: एवढ्या पाटीला पाच मिमीची प्लेट म्हणजे सुमारे २७० किलो, सहा रवे आणखी कमी. शटरिंगला वापरतात ते १८ मिमीचं फिल्मचं प्लाय घ्या. कापलेल्या कडा आणि प्रत्येक भोक इपॉक्सीनं बंद करा, पाणी तिथूनच शिरतं. दोन तुकड्यांत तीन-चार मिमी फट ठेवा. टिलरची लोखंडी चाकं जिथं चढतात तेवढ्याच पट्ट्यात तीन मिमीची प्लेट टाका.

प्रश्न: पासिंग लागेल का?
– शिरोली

उत्तर: लागेल. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय ते रस्त्यावर आणता येत नाही आणि कलम ५२ नोंदीतल्या तपशिलाबाहेरच्या बदलावर बंदी घालतं. तेव्हा कॅराव्हॅनची कागदपत्रं आणि शिडीचं मापासह रेखाचित्र घेऊन आधी आरटीओत जा, ग्राइंडर नंतर. कागदपत्रंच नसतील तर स्टीलवर पैसे घालण्याआधी नोंदणी होईल का ते तिथं विचारून घ्या. रिफ्लेक्टर टेप पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. मागच्या दिव्यांची अर्थ वायर सांगाड्यावर न सोडता वेगळी ओढा. कपलिंगमधून अर्थ नीट जात नाही आणि इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा लुकलुकतो.