परक्या देशातून आलेल्या सेक्स वर्कर लैंगिक संबंधातून पसरणारे रोग घेऊनच येतात का?

नाही. मी अशा बायकांसोबत समुपदेशक म्हणून काम केलंय. बहुतेकींचा धोका वाढतो तो आल्यानंतर, त्यातही पहिल्या काही महिन्यांत.

एक बाई अजून डोळ्यांसमोर आहे. 'कंडोम' हा शब्द तिला येत होता, 'त्याशिवाय नाही' हे वाक्य येत नव्हतं. गिऱ्हाईक जास्तीची नोट दाखवायचं, डोक्यावर दलालाने काढलेल्या प्रवासखर्चाचं कर्ज होतं, ती मान हलवायची. ते एक वाक्य आम्ही दोघींनी कितीदा घोकलं असेल! आणि पर्समध्ये कंडोम सापडले की पोलीस तोच पुरावा धरतात, असं अनेक देशांत घडतं. मग बाई ते जवळ ठेवतच नाही.

कागदपत्रांची भीती तर सगळ्यात मोठी. न्यूझीलंडने 2003 मध्ये हा व्यवसाय गुन्ह्यातून काढला, पण तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना त्यातून वगळलं. अशा बाईवर गिऱ्हाइकाने जबरदस्ती केली, तर तक्रार करताना देशाबाहेर काढलं जाण्याची टांगती तलवार तिच्याच डोक्यावर.

त्यात हे रोग मुके. क्लॅमिडिया, गनोरिया बायकांमध्ये बरेचदा काहीच लक्षणं दाखवत नाहीत आणि आत गर्भनलिका खराब करतात. सिफिलिसचा पहिला फोड दुखत नाही, आपोआप भरतो. बाईला वाटतं, बरं झालं, पण रोग अंगात तसाच राहतो. खरं तर सुरुवातीच्या सिफिलिसला बेंझाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन सहसा पुरतं. पण रिपोर्ट येईपर्यंत दलालाने तिला दुसऱ्या शहरात हलवलेलं असतं. न नेलेले असे रिपोर्ट हातात धरून मी बसले आहे, फार वाईट वाटतं. म्हणून माझा आग्रह असतो की बोटातून रक्त घेऊन झटपट तपासणी करा आणि त्याच बैठकीत इंजेक्शन द्या.

तुमच्या ओळखीत कुणी असेल तर तिला एवढं नक्की सांगा: कंडोम फाटला तर एचआयव्ही टाळणारी पेपची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. हेपटायटिस बीची लस घ्यावी. त्रास नसला तरी दर तीन महिन्यांनी तपासून घ्यावं. आणि दवाखान्यात दुभाषा मागावा, दलालाचा माणूस सोबत नेऊ नये. तो खोलीत असला की बाई 'सगळं ठीक आहे' एवढंच सांगते, हे मी दर वेळी पाहिलंय.