स्कूबा डायव्हिंग इन्स्ट्रक्टरचं काम केल्याने रोजच्या आयुष्यात उपयोगी पडेल असं काय शिकायला मिळतं?

मी साताऱ्याकडची. पोहायला विहिरीत शिकले, पाठीला रिकामा डबा बांधून, आणि आप्पा काठावर दोर धरून उभे. आज सात वर्षं स्कूबा शिकवतेय. पहिली चार अंदमानात हॅवलॉकला (आता नाव स्वराज द्वीप आहे, पण बोटीवर सगळे हॅवलॉकच म्हणतात), नंतर मालवणात. तुम्ही लिहिलंय की इन्स्ट्रक्टर व्हायचं मनात आहे, पण घरचे म्हणतात, ‘पाण्यातलं काम पाण्यातच राहणार, पुढे काय?’ म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बहुतेकांना वाटतं यातून धाडस येतं. तसं काही नाही. उलट धाडस दाखवायला आलेल्या पाहुण्यावर आम्ही जास्त लक्ष ठेवतो. मला या कामातून मिळालेली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, समोरचा ‘ठीक आहे’ म्हणतो तेव्हा तो खरंच ठीक आहे का, हे ओळखण्याची सवय.

इन्स्ट्रक्टर होऊन दोनच महिने झाले होते. हॅवलॉकला किनाऱ्यालगत नीमो रीफ म्हणून उथळ जागा आहे, पहिल्यांदा डाइव्ह करणाऱ्यांना तिथे नेतात. माझ्याबरोबर तिघे होते. त्यातला एक पस्तिशीचा गृहस्थ, बोलायला मोकळाढाकळा. पाण्याखाली बोलणं नाही, सगळा कारभार खुणांवर. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की ओके. मी दर मिनिटाला तिघांना ओके विचारत होते आणि तिघेही ओके सांगत होते. सात मीटरवर त्या माणसाने तोंडातला रेग्युलेटर (ज्यातून सिलिंडरची हवा श्वासात घेतात तो) काढून फेकला आणि वर झेपावला.

सात मीटरवर दाब वरच्यापेक्षा १.७ पट असतो. तिथे घेतलेला श्वास रोखून माणूस तसाच वर आला तर छातीतली हवा तितक्याच पटीने फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं. मी त्याचं जॅकेट धरलं, माझा जादाचा रेग्युलेटर त्याच्या तोंडात दिला, बटण दाबून हवा सोडली आणि त्याचे डोळे माझ्या डोळ्यांवर टिकेपर्यंत हलले नाही. बुडबुडे निघायला लागल्यावर त्याला घेऊन हळूहळू वर आले. त्याला काही झालं नाही. दम खाऊन झाल्यावर म्हणाला, ‘मॅडम, बाकीचे ओके दाखवत होते म्हणून मीपण दाखवलं.’

त्या रात्री झोप लागली नाही. सगळं माझ्यासमोर घडत होतं की! त्याचे बुडबुडे सलग येत होते. निवांत माणसाचे पुंजक्यापुंजक्याने येतात, मध्ये जागा सुटते. एका हाताने त्याने रेग्युलेटर दाबून धरला होता, दुसऱ्याची मूठ वळलेली होती. मी यातलं काहीच पाहिलं नव्हतं, मी फक्त त्याच्या बोटांचा गोल पाहत होते. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या जुन्या इन्स्ट्रक्टरने मला एवढंच सांगितलं: ओके विचारू नकोस, आकडा विचार.

म्हणजे कसं, तर तळहातावर दोन बोटं टेकवून ‘हवा किती उरली?’ असं विचारायचं. मग पाहुण्याला गेज, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा, हातात घेऊन वाचावं लागतं, १२० बार (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) असेल तर १२० बोटांवर दाखवावं लागतं. डोकं ठिकाणावर असेल तरच हे जमतं. काटा बघून जो नुसता माझ्याकडे बघत राहतो, त्याला घेऊन मी वर निघते. मालवणात पहिल्यांदा आलेल्यांना गेज वाचायला लावत नाही, म्हणून बोटीवरच ठरवून ठेवते: मी जितकी बोटं दाखवीन त्याहून एक जास्त दाखवायचं. मी तीन, तुम्ही चार. खोल जाणारे डायव्हरही एकमेकांना असंच तपासतात, कारण तीस मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी चढू शकते आणि ज्याला चढते त्याला ती कळत नाही.

ही सवय घरी कशी उपयोगी पडली ते सांगते. आप्पांना रोज संध्याकाळी फोन करायचे. ‘बरे आहात ना?’ ‘बरा हाय की.’ झालं, फोन बंद. मालवणला आल्यावर मी प्रश्न बदलला. आज किती वाजता रानात गेलात? कुठल्या वाटेने? तेव्हा कळलं की पहाटे पाचला विहिरीवर जाणारा माणूस आता आठनंतर बाहेर पडतोय आणि खालच्या बांधावरूनच परत फिरतोय. आईला वाटलं, थंडीमुळे. मी गावी गेले, दिवे लागणीला त्यांच्याबरोबर चालले, तर त्यांचा पाय पायरी चाचपत होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार महिने ते मला बरा हाय म्हणत होते, आणि त्यांच्या हिशोबाने ते खोटंही नव्हतं. ऑपरेशनं झाली, आता पुन्हा पहाटे पाचला जातात.

दुसरी गोष्ट परत फिरण्याची. आमच्यात नियम आहे की कुणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो. अंगठा वर केला की ‘वर चला’. नवखे लोक ‘भारी!’ म्हणूनही अंगठा दाखवतात, तरी मी वर घेऊन येते. मागच्या डिसेंबरात इचलकरंजीच्या एक काकू आल्या होत्या, मुलगा आणि सूनही बरोबर होते. पाण्यात उतरून दोन मीटरही गेलो नाही तोच काकूंनी कानाकडे बोट केलं. कानाचा त्रास बहुतेकांना या पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच होतो, कारण हवेचं आकारमान तिथेच सगळ्यांत झपाट्याने बदलतं. आम्ही अर्धा मीटर वर आलो, नाक दाबून हळूच हवा फुंकली, पुन्हा खाली गेलो. पुन्हा कान. काकूंनी अंगठा वर केला, मी वर आणलं. मुलगा बोटीवरून म्हणाला, ‘आई, अजून थोडं खाली गेली असतीस, पैसे भरलेत.’ काकूंचा चेहरा एवढासा झाला. मी त्याला म्हटलं, ‘दादा, जबरदस्ती केली असती तर कानाचा पडदा फाटला असता. त्यांनी बरोब्बर वेळेला सांगितलंय.’ मग काकूंना स्नॉर्केल, म्हणजे पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायची नळी, दिला. त्यांनी शिडी धरून नुसतं तोंड पाण्यात घातलं, ते पंधरा मिनिटं वर काढलं नाही.

‘का परतलात?’ असं न विचारता माणसाला परत येऊ द्यायचं, हे मी इथे शिकले, आणि स्वतःलाही तशी मुभा द्यायला. दोन वर्षांपूर्वी एकाबरोबर भागीदारीत स्वतःचं केंद्र काढणार होते, ॲडव्हान्सही दिला होता. त्याच्या कंप्रेसरचा फिल्टर शेवटचा कधी बदलला याची नोंदच सापडेना. त्या कंप्रेसरमधूनच सिलिंडरमध्ये श्वासाची हवा भरतात. फिल्टर खराब असेल तर तेलाची वाफ, कार्बन मोनॉक्साइड, काहीही पाहुण्याच्या छातीत जाऊ शकतं. दोनदा विचारलं, दोनदा ‘होऊन जाईल’ असं उत्तर मिळालं. मी अंगठा वर केला. पैसे बुडाले, त्याचं वाईट वाटलं, पण पुन्हा तसंच करीन.

पैशाचंही याच कामाने शिकवलं. सिलिंडर साधारण २०० बारचा असतो आणि बोटीवर परतताना त्यात ५० उरलेच पाहिजेत. मेअखेरीस मालवणच्या बोटी किनाऱ्यावर ओढल्या की सप्टेंबर उजाडेपर्यंत डाइव्ह नाही, पगार नाही. पहिल्या पावसाळ्यात मी मैत्रिणीकडे हात पसरले. आता सीझनच्या प्रत्येक महिन्याच्या कमाईतला चौथा हिस्सा हात न लावता बाजूला पडतो.

शारीरिक कष्ट मात्र आधी नीट समजून घ्या. भरलेला सिलिंडर सोळा-सतरा किलोंचा, असे दिवसाला वीस-तीस चढवायचे-उतरवायचे. सर्दी झाली की काम बंद, कारण कान उघडत नाहीत.

कोर्सच्या पायऱ्या अशा: ओपन वॉटर (१८ मीटरपर्यंत), ॲडव्हान्स्ड (३० मीटर), रेस्क्यू, डाइव्हमास्टर, मग इन्स्ट्रक्टर. इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला बसेपर्यंत १०० डाइव्ह नोंदलेले लागतात. पैसे भरण्याआधी एखाद्या केंद्रात दोन महिने मदतनीस म्हणून काम करून बघा. वेटसूट धुवा, तांडेलाबरोबर (बोट चालवणाऱ्याबरोबर) नांगर टाका, पहिल्यांदा आलेल्यांचे चेहरे बघा. आणि रेस्क्यूचा कोर्स घाईत उरकू नका. घाबरलेला माणूस घाबरण्याआधी कसा दिसतो, ते त्यातच शिकवतात.