वाचक विचारतात: एका दिवसात रुआं बघून होतं का?

प्रश्न: नमस्कार. आम्ही चोपड्याचे, लेक पॅरिसला असते, या उन्हाळ्यात तिच्याकडे चाललोय. पॅरिस ती दाखवेलच, पण एक दिवस आम्हा दोघांनाच बाहेर कुठेतरी जायचंय. ह्यांना जुन्या इमारतींचं भारी वेड, आमचा सागवानी खांबांचा वाडा अजून पाडू देत नाहीत. जावई म्हणतात पॅरिसजवळच्या रुआं शहराला जा, लेक म्हणते एवढं मोठं शहर एका दिवसात काय बघणार? माझे गुडघे दुखतात, आणि आम्ही शुद्ध शाकाहारी. – एक वाचक, चोपडा

उत्तर: ताई, जावयाचं ऐका. शहर मोठं आहे पण बघायचं ते सगळं जवळजवळ आहे, पॅरिसच्या सें-लाझार स्टेशनवरून थेट गाडी मिळते, सव्वा-दीड तासात पोचता आणि स्टेशनपासून जुन्या गावात चालत जाता येतं. फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी घड्याळाचा मनोरा बंद असतो आणि कथेड्रल, म्हणजे तिथलं मुख्य मोठं चर्च, दुपारनंतर उघडतं.

सगळे आधी कथेड्रलला पळतात, तुम्ही नका पळू. त्याची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे म्हणजे ऊन दुपारनंतर येतं, आणि त्या दगडी जाळीकामाची खरी मजा उन्हातच. मोने नावाच्या चित्रकाराने 1892-93 मध्ये समोरच्या इमारतींच्या खिडकीत बसून याच एका भिंतीची तीसच्या वर चित्रं काढली, दर वेळी उजेड वेगळा.

सकाळ लाकडी घरांना द्या, तुमच्या ह्यांचं सगळं त्यातच आहे. लाकडाची चौकट उभी करायची, आडवे-तिरपे वासे ठोकायचे आणि मधले खण माती आणि पेंढ्याने भरायचे, आपल्या जुन्या घरांची भिंत बघितलेल्या माणसाला वेगळं काही समजवावं लागत नाही. एक गंमत सांगतो, काही घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे झुकलेले दिसतील. असं बांधायला 1520 साली तिथे बंदी घातली, त्यामुळे झुकलेलं घर दिसलं की ते बहुतेक त्याच्या आधीचं. ह्यांना हे एवढंच सांगून ठेवा, दिवसभर माना वर करून फिरतील, तुम्ही तोवर बाकावर बसा.

तिथून एत्र सें-माक्लू या जुन्या दफनभूमीत जा, तिकीट नाही. 1348 च्या प्लेगपासून इथे इतकी माणसं पुरली की जागा पुरेना, मग सोळाव्या शतकात अंगणाभोवती लाकडी इमारती उभ्या करून वर माळ्यावर हाडं ठेवायला लागले. तुळयांवर कवट्या, हाडं, कुदळ-फावडी कोरलेली आहेत, आणि कोरीव काम इतकं सुबक की भीती वाटायच्या ऐवजी माणूस बघतच राहतो. पुढे तिथे चक्क शाळा भरायची!

मग ग्रो-ऑर्लोज, म्हणजे रस्त्यावरच्या कमानीवर बसवलेलं मोठं सोनेरी घड्याळ. यंत्र 1389 चं. काटा एकच, मिनिटाचा नाहीच, आणि त्या काट्याच्या टोकाला छोटं कोकरू आहे, ते नीट बघा. शहराचा पैसा लोकरीच्या कापडातून आला म्हणून तो मान मेंढीला. आत पायऱ्या आहेत, तुम्ही खालूनच बघा.

दुपारी कथेड्रल. लोखंडी कळस 151 मीटर, फ्रान्समधला सगळ्यात उंच. उजवीकडच्या बुरुजाला लोण्याचा मनोरा म्हणतात, ईस्टरआधीच्या उपवासात लोणी वर्ज्य होतं, मग ज्यांना सोडवत नव्हतं त्यांनी चर्चला पैसे भरून परवानगी घेतली आणि त्या पैशातून हा बांधला अशी गोष्ट सांगतात. दुसऱ्या महायुद्धात 1944 च्या बॉम्बहल्ल्यात कथेड्रलचा बराच भाग पडला होता, लोकांना परत आत जायला 1956 उजाडलं. तिथलं न्यायालय पण जुनंच आहे, त्याच्या भिंतीवर लढाईचे खड्डे मुद्दाम बुजवलेले नाहीत, जाता जाता बघा.

खाण्याचं म्हणाल तर हॉटेलात तुमच्या जोगं फारसं नाही, मांस-मासे आणि मलईच जास्त. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्या, फळं-ब्रेड कुठेही मिळतात. बूट मात्र जाड तळाचे घाला, रस्ते फरशीचे आहेत, त्या उंचसखल दगडांवर गुडघे बोलायला लागतात.

प्रश्न: जोन ऑफ आर्कला रुआंतच जाळलं ना? ती जागा अजून आहे का? – एक विद्यार्थी, नंदुरबार

उत्तर: आहे भाऊ, व्हिए-मार्शे चौकात. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या या फ्रेंच मुलीला तिथेच 30 मे 1431 ला जाळलं. वय साधारण 19. तिच्यावरचा धर्मद्रोहाचा खटला पुढे 1456 मध्ये चुकीचा ठरवला, आणि चर्चने संत म्हटलं ते थेट 1920 साली. जागेवर उंच क्रूस आहे. शेजारी 1979 चं आधुनिक चर्च आहे, बाहेरून कोणाला आवडतं कोणाला नाही, मला नाही आवडत, पण आत जाच. तिथल्या रंगीत काचा सोळाव्या शतकातल्या आहेत, ज्या चर्चच्या होत्या ते 1944 मध्ये उद्ध्वस्त झालं, काचा मात्र आधीच काढून सुरक्षित ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या.